गुगलवर साइट आहे, पण कुणाला सापडत नाही? आधी पानाचं टायटल तपासा

"भाऊ, साइट बनवून दोन वर्षं झाली, पैसे पण भरले, पण गुगलवर दिसूनच नाही राहिली."

वरूड-मोर्शीकडचे संत्रा नर्सरीवाले असोत, ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ होमस्टे चालवणाऱ्या ताई असोत, की वाशिमकडची एखादी शेतकरी कंपनी असो, फोनवर पहिलं वाक्य हेच असतं. तालुक्याच्या गावात बसून अशा छोट्या साइट्स सांभाळणं हे माझं काम. दर वेळी मी आधी पानाचं टायटल बघतो, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. दुरुस्तीला एक दुपार पुरते आणि खर्च काही नसतो. असं असूनही लोक 'एसईओ पॅकेज'च्या, म्हणजे गुगलवर वर आणून देण्याच्या कामाच्या, नावाखाली वर्षाचे पैसे भरून बसलेले असतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून सगळा क्रम इथे लिहितो आहे.

टायटल म्हणजे पानाच्या कोडमध्ये वरच्या भागात लिहिलेलं त्या पानाचं नाव. पान उघडल्यावर ते मजकुरात दिसत नाही, ब्राउझरच्या टॅबवर दिसतं. गुगलच्या निकालात जी मोठी निळी ओळ येते, ती बहुधा यातूनच येते. एसटी स्टँडवर आपण गाडीचा रंग बघत नाही, पाटी बघतो. पाटीवर 'अमरावती–मोर्शी–वरूड' असेल तर माणूस चढतो. नुसतं 'महाराष्ट्र राज्य परिवहन' लिहिलेली गाडी समोर उभी राहिली तर तो शेजारच्याला विचारत बसेल. आपल्याकडच्या बहुतेक साइट्सच्या पाटीवर गावच लिहिलेलं नसतं.

लक्षणं: तुमचं दुखणं यातलं कोणतं?

- दुकानाचं नाव टाकलं तर साइट येते, पण 'संत्रा कलमा वरूड' असं कामाचं काही टाकलं की येत नाही.
- निकालात प्रत्येक पानाचं नाव एकच येतं, किंवा 'होम', 'स्वागत आहे', 'नवीन पान' असं काहीतरी दिसतं.
- नाव अर्ध्यात तुटतं, आणि कामाचा शब्द नेमका तुटलेल्या भागात जातो.
- तुम्ही लिहिलं एक, गुगल दाखवतं दुसरंच.
- मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.
- निकालात अजून दोन-तीन वर्षांपूर्वीचं साल किंवा जुना भाव दिसतो.
- तुमच्या पानांच्या नावांत औषधांची, जुगाराची नावं किंवा जपानी अक्षरं दिसतात. असं असेल तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

सगळ्यात आधी: पान गुगलच्या वहीत आहे का?

गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहा, लगेच कोलन द्या आणि जागा न सोडता साइटचा पत्ता टाका. गुगलला तुमची माहीत असलेली पानं समोर येतील. यादी पूर्ण असेलच असं नाही, पण अंदाज येतो.

एकही पान आलं नाही तर टायटलला हात लावू नका, तुमचा दोष वेगळा आहे. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या तयार प्रणालीवर) बनलेली असेल तर तिथे सेटिंग्जखाली 'रीडिंग' नावाचं पान आहे. तिथे एक चौकोन असतो, त्यावर टिक केली की सर्च इंजिनांना 'ही साइट यादीत घेऊ नका' अशी सूचना जाते. साइट तयार होत असताना बनवणारा ती टिक लावतो, ते बरोबरच आहे. पण काम हातात देताना काढायला विसरतो. मी हा चौकोन इतक्या साइट्सवर टिक केलेला पाहिला आहे, की आता लॉगिन मिळाल्यावर पहिल्यांदा तिथेच जातो. टिक काढा, जतन करा, आणि थोडे दिवस थांबा.

डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदतही याच वेळी बघून घ्या. नूतनीकरणाचा मेल भलत्याच पत्त्यावर जात असतो आणि साइट बंद पडल्याचं मालकाला महिन्यांनी कळतं.

दुसरी तपासणी: टायटलमध्ये आज लिहिलंय काय?

संगणकावर पान उघडा आणि कंट्रोल दाबून यू दाबा. कोड समोर येईल, त्यात इंग्रजी अक्षरांतली 'टायटल' ही खूण शोधा. संगणक नसेल तर टॅबवरचं नाव वाचूनही काम भागतं. मोबाइलच्या क्रोममध्ये सगळे टॅब एकत्र दाखवणारं बटण दाबलं की प्रत्येक पानाचं टायटल वर लिहिलेलं दिसतं. घरी, शेतात, कुठेही बसून हे होतं.

साइटच्या सगळ्या पानांची टायटलं वहीत एकाखाली एक लिहून काढा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण टाळू नका. शेंदूरजना घाटच्या बाजूच्या एका नर्सरीची यादी मी मालकांनाच लिहायला लावली होती. सात पानं, आणि सातही ओळींत फक्त नर्सरीचं नाव. ते वही बघून म्हणाले, "म्हणजे गुगलले आपण कलमा विकतो, हेच कुठं सांगितलं नाही." त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

हे होतं कारण साइट बनवणारे साच्यातलं टायटल बदलत नाहीत. वर्डप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांत तर 'हीसुद्धा एक वर्डप्रेस साइट' अशा अर्थाची इंग्रजी टॅगलाइन आपोआप यायची. 2022 मध्ये आलेल्या 6.1 आवृत्तीपासून ती रिकामी येते, पण त्याआधी बनलेल्या कितीतरी साइट्सवर ती अजून तशीच आहे. 'जनरल' सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, असेल तर पुसा.

तिसरी तपासणी: काय, कुठे आणि शेवटी कोण

खरं काम इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

प्रत्येक पानाचं टायटल वेगळं हवं आणि त्यात तीन गोष्टी याच क्रमाने याव्यात: या पानावर काय मिळतं, कुठे मिळतं, देणारा कोण. बहुतेक साइट्सवर क्रम उलटा असतो, आधी संस्थेचं लांबलचक नाव आणि शेवटी काम. तुमचं नाव माहीत असलेला माणूस तुम्हाला तसाही शोधून काढतो. ज्याला ते माहीत नाही, तो नाव टाकूच शकत नाही. तो कामच टाकतो. गुगल 2022 च्या ऑक्टोबरपासून मोबाइलवरच्या निकालात साइटचं नाव वरती वेगळं दाखवतं. त्यामुळे प्रत्येक टायटलच्या तोंडाशी नाव लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं.

नर्सरीच्या पहिल्या पानाचं टायटल आम्ही 'होम'वरून असं केलं: 'संत्रा कलमा, जंबेरी खुंटावर – शेंदूरजना घाट, वरूड' आणि मग नर्सरीचं नाव. 'जंबेरी खुंटावर' हे मुद्दाम टाकलं. खुंट म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधतात ते. पहिल्यांदा बाग लावणारा नुसतं 'संत्रा कलम' शोधतो, पण ज्याने एकदा बाग लावली आहे तो खुंट विचारल्याशिवाय पुढे बोलत नाही. जंबेरी की रंगपूर लाइम, हे त्याला निवडायचं असतं. दोन खुंटांची कलमं मिळत असतील तर दोन पानं करा आणि दोन टायटलं द्या.

मोहर्लीच्या होमस्टेच्या पहिल्या पानावर 'आपले हार्दिक स्वागत' होतं. ते झालं 'मोहर्ली गेटजवळ होमस्टे, घरचं जेवण – ताडोबा, चंद्रपूर'. खोल्यांच्या पानाला 'खोल्या व भाडं', रस्त्याच्या पानाला 'चंद्रपूरहून मोहर्लीला कसं यायचं' असं साधं नाव दिलं. ताडोब्याला गेट बरेच आहेत. कोलारा गेटची सफारी आरक्षित केलेला पाहुणा मोहर्लीत मुक्काम करून पहाटे अडकतो, म्हणून गेटचं नाव टायटलमध्ये हवंच. ताई म्हणाल्या, "दादा, पण ताडोबा आधी टाकलं तर जास्त लोक येतील ना?" येतील, पण कोलाऱ्याचेही येतील आणि फोनवर गेट विचारून ठेवून देतील. कमी लोक आले तरी चालतील, नेमके आले पाहिजेत.

आता गावाच्या नावाबद्दल. विदर्भात हा घोळ फार होतो आणि बाहेरून पॅकेज विकणाऱ्यांना तो कळत नाही. नुसतं 'वणी' लिहिलं तर यवतमाळची वणी की नाशिककडची सप्तशृंगीची वणी? 'कारंजा' म्हणजे वाशिमचं कारंजा लाड की वर्ध्याचं कारंजा घाडगे? सेलू वर्ध्यात आहे आणि परभणीतही. आष्टी वर्ध्यात आहे, बीडमध्येही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या 'मूल' तालुक्याची अडचण तर आणखी मोठी, कारण तो शब्द मराठीत लेकराचाही आहे. मूलच्या राइस मिलने टायटलमध्ये 'मूल' एवढंच लिहिलं तर त्या शब्दावरून काही बोध होत नाही. 'मूल, जि. चंद्रपूर' लिहिलं की प्रश्न मिटतो. वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, पण वर्धा जिल्ह्यात वायगाव नावाची गावंच एकाहून जास्त आहेत. हळदीचं वायगाव समुद्रपूर तालुक्यातलं. हळद विकणाऱ्याने 'वायगाव हळद – समुद्रपूर, वर्धा' असं लिहिलं तर गिऱ्हाईकही चुकत नाही आणि गुगलही.

म्हणून नियम असा धरा: गाव लहान असेल तर तालुका लिहा, आणि तालुक्याच्या नावाचं दुसरं गाव कुठे असेल तर जिल्हा लिहा. 'महाराष्ट्र, भारत' लिहू नका, त्याने जागा जाते आणि शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

लांबीची चिंता बरेच जण करतात. गुगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. ओळ पडद्याच्या रुंदीत मावली नाही की ती तुटते, एवढंच. 'साठ अक्षरं' हा जो आकडा सगळीकडे सांगतात, तो इंग्रजीच्या अंदाजाने आलेला आहे. मराठीत उकार आणि मात्रा संगणक वेगळी अक्षरं म्हणून मोजतो, पण रुंदीत ती जागा घेत नाहीत. त्यामुळे मोजणाऱ्या साधनाने लाल दिवा दाखवला तरी घाबरू नका. पहिल्या चार-पाच शब्दांत काम आणि जागा आली असली की मागचं तुटलं तरी चालतं.

एकच शब्द घोळवू नका. 'संत्रा, संत्री, संत्रे, नागपूर संत्रा, वरूड संत्रा' अशी माळ ओवलेलं टायटल वाचणाऱ्याला खोटं वाटतं, आणि गुगल ते बदलून टाकण्याची शक्यता वाढते. 'वरूड' आणि 'वरुड' दोन्ही टायटलमध्ये नको. एक टायटलमध्ये ठेवा, दुसरं मजकुरात ओघाने येऊ द्या. 'कीवर्ड' म्हणून कोडमध्ये वेगळी यादी भरून देण्याचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ती यादी क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं आहे.

आणि पानावर नाही ते टायटलमध्ये लिहू नका. 'घरपोच' लिहिलं आणि पानावर पोहोचवण्याबद्दल अक्षर नाही, तर आलेला माणूस लगेच मागे फिरतो. फसल्यासारखं वाटलेलं गिऱ्हाईक आपल्या भागात चार जणांना सांगतं.

चौथी तपासणी: लोक कोणत्या शब्दांनी शोधतात?

आपण 'रोपवाटिका' लिहितो, शेतकरी 'नर्सरी' टाकतो. आपण 'निवास व्यवस्था' लिहितो, पाहुणा 'रूम' टाकतो. पुढचे काही दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनवर विचारा, "आम्हाला शोधताना काय टाकलं होतं?" उत्तरं वहीत लिहा. याला पैसा लागत नाही आणि कुठल्याही महाग साधनापेक्षा ही वही मला जास्त भरवशाची वाटते.

त्याच्या जोडीला गुगल सर्च कन्सोल सुरू करा. ते फुकट आहे. त्यातला कामगिरीचा अहवाल कोणत्या शोधावर तुमचं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी दाबलं, ते सांगतो. मागच्या 16 महिन्यांपर्यंतची माहिती त्यात राहते. पान वरच्या पाच-सहा निकालांत येतं, वारंवार दिसतं, पण कुणी दाबत नाही, असं असेल तर पाटी बदला. पण सरासरी क्रमांक तीस-चाळीस असेल तर टायटल बदलून फार फरक पडणार नाही, पानावरचा मजकूरच तोकडा आहे. हा भेद नीट बघा. माझ्या ओळखीतले काही जण आठवड्याला टायटल बदलत बसले होते आणि पानावर फोन नंबराखेरीज चार ओळीही नव्हत्या.

बरेच लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, हे खरं. म्हणून मराठी पानाला इंग्रजी लिपीतलं टायटल देण्याचा मोह होतो. तो आवरा. पानाची लिपी एक आणि टायटलची दुसरी असेल तर गुगल टायटल बदलू शकतं, हे त्यांच्या मार्गदर्शनातच आहे. गिऱ्हाईक हैदराबाद-दिल्लीचं असेल तर इंग्रजी पान वेगळ्या पत्त्यावर बनवा आणि त्याला इंग्रजी टायटल द्या. कोपऱ्यात भाषांतराचं बटण लावलं म्हणजे वेगळं पान तयार होत नाही.

पाचवी तपासणी: अक्षरांची गिचमिड

आपल्याकडे हा दोष येतो तो डीटीपीच्या दुकानातून. मजकूर तिथे कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप होतो, कारण लग्नपत्रिका आणि फ्लेक्स त्यातच होतात. तोच मजकूर साइटवर चिकटवतात. या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला असतो. पानावर तो फॉन्ट लावला असेल तर मजकूर ठीक दिसतो. टॅबवर आणि गुगलच्या निकालात मात्र तो फॉन्ट नसतो, म्हणून तिथे गिचमिड दिसते. आणि गुगल आकार वाचत नाही, आतली अक्षरं वाचतं. म्हणजे टायटलच काय, तुमचं अख्खं पानच त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे.

उपाय सोपा आहे. टायटल मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर टाइप करा, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि संगणकावर उघडून चिकटवा. मोबाइलचा कीबोर्ड युनिकोडच देतो, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरंच साठतात. लांब मजकुरासाठी फॉन्ट बदलून देणारी फुकट साधनं आहेत, पण त्यातून आलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालाच. रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, 'दऱ्या'तला अर्धा र हमखास बिघडतो.

गिचमिडीऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोष डेटाबेसच्या (साइटचा मजकूर जिथे साठतो त्याच्या) अक्षरसंचात आहे. जतन होतानाच मराठी अक्षरं गळून पडलेली असतात, ती परत येत नाहीत. एखादं टायटल पुन्हा लिहून जतन करून बघा. पुन्हा प्रश्नचिन्हंच आली तर थांबा. डेटाबेसची सेटिंग स्वतः बदलू नका, चांगला असलेला मजकूरही त्यात जाऊ शकतो.

सहावी तपासणी: गुगल दुसरंच का दाखवतं?

गुगल लिहिलेलं टायटल दाखवायला बांधलेलं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी नावं ठरवायची पद्धत बदलली, त्यावर बरीच ओरड झाली, आणि सप्टेंबरमध्ये सुधारणा केल्यावर त्यांनी सांगितलं की 87 टक्के वेळा पानाचं मूळ टायटलच वापरलं जातं. म्हणजे उरलेल्या वेळी ते मुख्य मथळा, मोठ्या अक्षरांतला मजकूर किंवा इतर ठिकाणांहून तुमच्या पानाकडे येणाऱ्या दुव्यातले शब्द उचलतं.

आपल्या साइट्सवर याचं एक कारण सारखं दिसतं: फ्लेक्सचं चित्रच पहिलं पान म्हणून लावलेलं. नाव, काम, भाव, पत्ता सगळं त्या एका चित्रात. डोळ्याला छान दिसतं, पण मजकूर म्हणून पानावर काहीच नसतं, त्यामुळे गुगल टायटल कशाशी ताडून बघणार? चित्र राहू द्या, पण त्याच्या वर खऱ्या अक्षरांत एक मुख्य मथळा टाइप करा, टायटलशी जुळणारा. शब्दन् शब्द तोच नको, अर्थ तोच हवा. एका पानाला एकच मुख्य मथळा ठेवा.

दुसरं कारण जुनं साल. टायटलमध्ये एक वर्ष आणि मथळ्यात दुसरं असेल तर गुगल मथळ्यातलं उचलू शकतं. भावफलकाच्या पानाशिवाय टायटलमध्ये साल घालूच नये, असं माझं मत आहे.

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर जे नाव दिसतं, ते बहुधा 'ओजी टायटल' नावाच्या वेगळ्या खुणेतून येतं. तिथे जुनं नाव राहिलेलं असू शकतं, एसईओ प्लगइनच्या (वर्डप्रेसला जोडायचं साधन, ज्यात टायटलंही लिहितात) 'सोशल' भागात ते सापडेल. नकाशावर दिसणारं दुकानाचं नाव मात्र बिझनेस प्रोफाइलमधलं असतं, टायटलशी त्याचा संबंध नाही.

सातवी तपासणी: दोन टायटलं

कोडमध्ये 'टायटल' शोधल्यावर वरच्या भागात ती खूण दोनदा सापडली तर थीम (साइटच्या रूपाचा साचा) आणि प्लगइन दोघंही आपापलं टायटल लिहीत आहेत. (चिन्हांच्या चित्रांतही याच नावाची खूण असते, ती मोजू नका.) दोन एसईओ प्लगइन एकाच वेळी चालू असले तरी असाच गोंधळ होतो. एक ठेवा, दुसरं बंद करा. बंद करण्याआधी आपली टायटलं कोणत्या प्लगइनमध्ये लिहिली आहेत ते बघून घ्या, नाहीतर लिहिलेलं काम गायब झालेलं दिसेल. दोष थीमच्या फाइलमध्ये असेल तर ती फाइल उघडू नका. एक स्वल्पविराम चुकला तरी साइट पांढरी पडते.

बदलल्यावर किती थांबायचं?

सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून पुन्हा बघण्याची विनंती करता येते. तरीही निकालात नवं नाव यायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. तोवर पुन्हा बदलू नका. बदल केल्याची तारीख वहीत लिहा आणि महिन्याभराने आकडे बघा. टायटल बदलताना पानाचा पत्ता मात्र बदलू देऊ नका. पत्ता बदलला की जुन्या लिंका तुटतात.

थांबावं लागतं म्हणूनच हंगामाआधी काम करा. संत्र्याची लागवड पावसाळ्यात होते, म्हणजे कलमांच्या पानांची टायटलं एप्रिल-मेमध्येच नीट झालेली हवीत. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून निघतात, थेट फळ विकणाऱ्यांनी पोळ्याच्या सुमारास काम उरकावं. ताडोब्याचं कोअर (आतलं मुख्य जंगल) 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतं. होमस्टेवाल्यांना तेच दिवस यासाठी मोकळे मिळतात, आणि ऑक्टोबरची चौकशी त्याच काळात सुरू झालेली असते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पानांच्या नावांत जपानी अक्षरं, औषधं किंवा जुगार दिसला तर साइटमध्ये कुणीतरी शिरलं आहे. टायटल दुरुस्त करून हे जात नाही, रात्रीतून परत येतं. सर्च कन्सोलच्या वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी मालक आहे का ते बघा, कारण असे लोक स्वतःला तिथे मालक म्हणून जोडून घेतात. होस्टिंगचा (साइट जिथे ठेवली आहे त्या सेवेचा) पासवर्ड बदला आणि त्याच दिवशी माहितगाराला फोन करा. फाइली स्वतः पुसू नका. फुकटात मिळालेली, विकतची असून चोरून वाटलेली थीम हे याचं नेहमीचं दार आहे. ती असेल तर लपवू नका, सांगून टाका.

कोडमध्ये प्रत्येक पानाला एकच टायटल दिसतं आणि पान उघडल्यावर टॅबवर वेगळं येतं, तर साइट जावास्क्रिप्टवर चालते. ती दुरुस्ती बनवणाऱ्यानेच करायची. कोडच्या वरच्या भागात टायटलच्या आधीच एखादं चित्र किंवा चौकट घुसली असेल तर पुढच्या खुणा निकामी होऊ शकतात, तेही आपलं काम नव्हे. प्रश्नचिन्हांचा डेटाबेस वर आलाच. आणि साइट एका पत्त्यावरून दुसऱ्यावर हलवायची असेल तर पहिल्या दिवसापासून जाणकार सोबत ठेवा.

त्याला काय विचारायचं? 'पहिल्या नंबरावर आणून देतो' अशी हमी देत असेल तर नमस्कार करून उठा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. 'कोणत्या पानाचं काय बदलणार आणि का' हे कागदावर मागा.

काम देण्याआधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते तपासा. माझ्याकडे आलेल्या एका शेतकरी कंपनीचं डोमेन बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. वाद झाल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. टायटलमधली एक वेलांटीसुद्धा आम्हाला बदलता आली नाही, शेवटी नव्या पत्त्यावर सगळं उभं करावं लागलं. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल, तिन्हींचं मुख्य खातं तुमच्या मेलवर असू द्या. जाणकाराला त्याचा वेगळा प्रवेश द्या, आणि काम संपलं की तो काढून घ्या.